जुनी नाणी जमवताय? घासण्याआधी आणि फेकण्याआधी या चुका टाळा

सासूबाईंच्या देवघरात, ताम्हणात, कुंकवाने माखलेली एक शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं, असायची. एका दिवाळीच्या साफसफाईत मी ती चिंच-मीठ लावून खसाखसा घासली. लखलखीत गुलाबी झाली, मला धन्य वाटलं. पुढे ठाण्यात, नौपाड्यातल्या एका जुन्या संग्राहक काकांना दाखवली. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "अरेरे." माझा छंद त्या अरेरेपासून सुरू झाला.

तांब्यावर वर्षानुवर्षं बसलेला तपकिरी-काळपट थर खालच्या धातूचं रक्षण करतो. चिंचेने तो निघतो आणि मिठातलं क्लोराइड मात्र आत मुरतं. खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत मग त्यातून फिकट हिरवी भुकटी फुलायला लागते. माझ्या शिवराईवर पुढच्याच पावसाळ्यात आली. हिरवा थर कडक, गुळगुळीत असेल तर त्याला हात लावू नका. नखाने झडणारी भुकटी असेल तर ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं काढा आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये (बॅटरीत घालतात तेच) ठेवा. पाणी दर दोन-चार दिवसांनी बदला. काही आठवडे हे केल्यावर पूर्ण कोरडं करून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डबीत ठेवा. भुकटी परत आली तर घरगुती उपाय बंद करून जाणकाराकडे जा.

"छाप अर्धवट आहे, म्हणजे डुप्लिकेट"

या समजापायी लोक चांगली नाणी परत करतात. शिवराई यंत्रावर पडलेली नाही. ठरावीक वजनाच्या तांब्याच्या चकतीखाली एक ठसा, वर दुसरा, आणि त्यावर घणाचा घाव. ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे एका बाजूचं 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूचं 'छत्रपती' पूर्ण उमटलेलं नाणं क्वचितच दिसतं. कुठे 'श्री' कापलेली, कुठे 'पती' गेलेला. ऱ्हस्व-दीर्घाचे घोळ तर इतके की शाळेतल्या बाईंनी सगळ्यांना पायाचे अंगठे धरायला लावले असते! हे फरक नीट नोंदवणं हाच शिवराई जमवण्यातला अर्धा आनंद. उलट सगळी अक्षरं मधोमध, कडा गोल, आणि किंमत दोनशे रुपये, असं दिसलं की सावध व्हा. दुसरी गोष्ट, १६७४च्या राज्याभिषेकापासून सुरू झालेली शिवराई पेशवाईतही पडत राहिली. विकणारा प्रत्येक नाणं महाराजांच्या काळातलंच म्हणून विकतो. बहुतेक नाणी नंतरची असतात.

"झिजलंय, टाकून द्या"

ठाणेकरांनी तरी ही चूक करू नये. श्रीस्थानक, म्हणजे आपलं ठाणं, शिलाहार राजघराण्याची राजधानी होती, आणि त्या काळी पश्चिम भारतात गधैया नावाची नाणी चालत. इराणच्या सासानी राजांच्या चांदीच्या नाण्यांची नक्कल, मग त्या नकलेची नक्कल, असं करत करत राजाचा चेहरा आणि अग्निकुंड यांच्या जागी फक्त ठिपके आणि रेघा उरल्या. ते नाणं झिजलेलं नसतं, ते तसंच पाडलेलं असतं. शिलाहार राजा छित्तराजाच्या नावाचीही गधैया सापडली आहेत.

एकावर एक दोन छाप दिसले तरी घाई नको. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली क्षत्रप राजा नहपानाच्या १३ हजारांहून जास्त चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारला होता. हरलेल्या राजाच्या चेहऱ्यावर जिंकलेल्याची खूण! असं नाणं 'खराब' म्हणून नाकारणारा मी स्वतः पाहिलाय.

खोटं ओळखताना

एकाच व्यापाऱ्याकडे दोन ठोकीव नाणी अगदी सारखी दिसली, तीच कड फुटलेली, तोच खड्डा, तर ती एकाच साच्यातून ओतलेली आहेत. भिंगातून बारीक बुडबुड्यांचे खड्डे, साबणासारखी गुळगुळीत अक्षरं आणि कडेला शिवण दिसते. पण 'ओतीव म्हणजे खोटं' असं पाठ करून ठेवू नका. हत्ती आणि कुंपणातलं झाड असलेली प्राचीन, अक्षरं नसलेली तांब्याची नाणी मुळातच साच्यात ओतलेली आहेत. धातू ज्या वाटेने आत गेला त्याचा तुटका दांडा खऱ्या नाण्याच्या कडेलाही असतो.

नाणं वाजवून घ्यावं म्हणतात. सातवाहनांचं शिशाचं नाणं वाजवाल तर ते बद्द आवाज करेल आणि वर पोचा पडेल. खणखणीतपणाची कसोटी चांदीला ठीक, तीही फरशीवर आपटून नको.

आधुनिक 'एरर' नाण्यांत, म्हणजे टांकसाळीत चुकून बिघडलेल्या नाण्यांत, फसवणूक जास्त. पाडलेलं नाणं ठशात अडकून राहिलं तर पुढच्या चकतीवर त्याचीच उलटी, खोलगट प्रतिमा उमटते. याला ब्रॉकेज म्हणतात आणि पैसेही चांगले मिळतात, म्हणून लोक दोन नाणी शेगड्यात (व्हाइसमध्ये) दाबून ते तयार करतात. अशा नाण्याची दुसरी बाजू दबून चपटी झालेली दिसते. खऱ्या ब्रॉकेजची दुसरी बाजू सहसा ठसठशीत असते.

१८१८ सालचा, राम दरबार असलेला ईस्ट इंडिया कंपनीचा 'अर्धा आणा' तांदूळ खेचतो वगैरे ऐकलं असेल. कंपनीने असं नाणं कधी पाडलेलंच नाही. 'पाच रुपयांच्या नाण्याचे पाच लाख' सांगून आधी 'कमिशन' मागणाऱ्यांचे फोन सरळ कट करा. रिझर्व्ह बँकेनेच अशांपासून सावध केलं आहे.

ठेवताना

नव्या रेनकोटसारखा वास येणारे मऊ प्लॅस्टिकचे अल्बम पीव्हीसीचे असतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत नाण्यावर हिरवा चिकटा सोडतात. पॉलिएस्टरचे होल्डर घ्या. चिकटा आलाच असेल तर तो शुद्ध ॲसिटोनने निघतो. नेलपॉलिश रिमूव्हर नको, आणि काम खिडकी उघडून, गॅसपासून लांब करा. शिशाची नाणी लाकडी कपाटात किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवू नका. लाकडातून निघणाऱ्या आम्ल वाफांनी त्यांवर पांढरी भुकटी धरते. हात लावल्यावर धुवायचे, हेही विसरू नका.

कायद्याचं थोडक्यात: घराचा पाया खणताना नाणी सापडली आणि किंमत दहा रुपयांवर असेल तर १८७८च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुनं नाणं अमेरिकेतल्या भाच्याला भेट म्हणून पाठवायचंही नाही, १९७२च्या कायद्याने बंदी आहे.

आणि पाहायला सुरुवात फोर्टातल्या रिझर्व्ह बँकेच्या नाणी संग्रहालयापासून करा. ठाण्याहून सीएसएमटी लोकल पकडली की पुढे चालत जाता येतं.

आमच्या शिवराईवर आता पुन्हा तपकिरी झाक यायला लागलीय. सासूबाई तिला रोज कुंकू लावतात. मी काही बोलत नाही.