जानेवारीचा झीरो मे महिन्यात वर का मारतो?

झीरो म्हणजे साइट अशी बसवणे की ठरलेल्या अंतरावर नेम धरला तिथेच गोळी लागावी. नागपुरात जानेवारीच्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास असतो, मे महिन्याच्या दुपारी तो ४५ ओलांडतो. रायफल तीच, काडतुसे त्याच लॉटची, तरी ३०० मीटरवर ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका, वर सरकतो आणि खापर फुटते बॅरलवर. बॅरल तापते हे खरेच. पण ऋतू बदलल्यावर सगळा ग्रुप वर नेण्याचे काम प्रामुख्याने काडतुसातली बारूद आणि विरळ झालेली हवा करतात. कोणते कारण गोळीला कुठे नेते हे आधी वेगळे करा, साइटला हात नंतर लावा.

सुरुवात हवेपासून. १० अंशांना नागपुरात घनमीटरभर हवेचे वजन साधारण १.२ किलो भरते, ४५ अंशांना ते १.०६ च्या आसपास येते. म्हणजे सुमारे १२ टक्के घट, तेवढाच रोधही कमी. त्यात बारूद गरम असली की जोरात जळते. बारुदीच्या जातीप्रमाणे दर अंशामागे गोळीचा वेग अर्धा मीटर प्रति सेकंद किंवा त्याहूनही थोडा जास्त वाढू शकतो, तापमानाला कमी दाद देणाऱ्या बारुदीत ही वाढ बरीच कमी असते. ८०० मीटर प्रति सेकंद वेगाच्या गोळीला १० मीटरचा जादा वेग मिळाला तर ३०० मीटरवर ती सुमारे २ सेंटीमीटर वर लागते. विरळ हवेचे दीड-दोन सेंटीमीटर त्यात धरा. पाव मिनिटाच्या (हा कोनाचा मिनिट, अंशाचा साठावा भाग) टेलिस्कोपवर ३०० मीटरला एक क्लिक २.२ सेंटीमीटरची, म्हणजे दोन क्लिकचा मामला झाला. ५० मीटरच्या पॉइंट टू-टूत (.२२ कॅलिबरच्या छोट्या काडतुसाच्या रायफलीत) हाच फरक काही मिलिमीटरचा असतो.

दमटपणाची भीती उगाच बाळगली जाते. ओली हवा कोरडीपेक्षा किंचित हलकीच असते आणि ऐन पावसाळ्यातही तिचा परिणाम दीड टक्क्याच्या पुढे सहसा जात नाही.

गोळीच्या मार्गाचा हिशेब करणाऱ्या बॅलिस्टिक अॅपमध्ये हवेचा दाब भरताना मात्र चूक हमखास होते. मोबाइलवरचे हवामान समुद्रसपाटीला आणलेला दाब दाखवते. नागपूर सुमारे ३१० मीटर उंचीवर असल्याने इथला खरा दाब त्याहून साधारण ३५ हेक्टोपास्कल कमी असतो. एकतर खरा दाब भरा आणि उंची शून्य ठेवा, नाहीतर समुद्रसपाटीचा दाब आणि उंची दोन्ही भरा. दोन पद्धतींची खिचडी केली की घनता साडेतीन टक्के चुकते. तापमान सावलीत, हवा खेळती असेल तिथे मोजा. मे २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते, तो सेन्सरचा बिघाड निघाला. उन्हात टेबलावर ठेवलेला थर्मामीटर अशीच थाप मारतो.

काडतुसे गाडीत ठेवू नका. बंद गाडीत उन्हाळ्यात ६० अंश सहज होतात. उष्णतारोधक डब्यात, बर्फाशिवाय ठेवा. बर्फ घातला तर डबा उघडताच पितळेवर पाणी सुटते, आणि ओले किंवा तेलकट काडतूस चेंबरमध्ये घातले की बोल्टवर ताण वाढतो. तापलेल्या चेंबरमध्ये काडतूस भरून वाऱ्याची वाट पाहत बसू नका. बारूद तिथेच शेकते आणि ती एकच गोळी वर जाते. वारा हवा तसा झाला की मग भरा. गोळी सुटल्यावर बोल्ट उचलायला जड जाऊ लागला, तर त्या दिवशी ती काडतुसे बंद.

आता बॅरल. चाचणी सोपी आहे. दहा गोळ्या, तीस-तीस सेकंदांच्या अंतराने, वारा पडलेला असताना मारा आणि प्रत्येक छिद्राचा क्रमांक कागदावर लिहा. छिद्रे एकाच दिशेला चालत गेली तर बॅरल कुठेतरी स्टॉकला टेकते आहे किंवा बेडिंग, म्हणजे स्टॉकमधली रायफलची बैठक, सैल आहे. रायफल रिकामी करून, बोल्ट काढून, नोटेची दुहेरी घडी बॅरलखालून सरकवत नेली की अडणारी जागा सापडते. लाकडी स्टॉक विदर्भाच्या मे महिन्यात आकसतो आणि ऑगस्टमध्ये फुगतो, त्यामुळे ही तपासणी दोन्ही वेळा करा आणि अॅक्शनचे (बोल्ट बसतो त्या मधल्या भागाचे) स्क्रू टॉर्क रेंचने निर्मात्याच्या आकड्यावर आणा. ग्रुप चालत न जाता नुसता गोल पसरत असेल, तर दोष नजरेचा असू शकतो: तापलेल्या बॅरलवरून उठणारी हवा साइटसमोर नाचते. बॅरलवर कापडी मिराज पट्टी ताणा (मिराज म्हणजे गरम हवेची ही थरथर).

मोठ्या बोअरमध्ये (३०० मीटरच्या मोठ्या काडतुसाच्या रायफलीत) पाच गोळ्यांनंतर बोल्ट उघडा ठेवून बॅरल सावलीत निवू द्या. पाच सेकंद हात ठेवता येत नसेल तर अजून थांबा. पॉइंट टू-टूची बॅरल गोळ्यांनी फारशी तापत नाही, ऊन तिला तापवते, तेही एकाच बाजूने. स्वच्छ केलेल्या बॅरलची पहिली गोळी वेगळी लागते, तिचा हिशेब ग्रुपमध्ये धरू नका. ती किती आणि कुठे सरकते हे कळायला प्रत्येक सरावाची पहिली गोळी एकाच राखीव कार्डावर मारत जा.

वारा या सगळ्यांवर भारी पडतो. ५० मीटरवर सेकंदाला १ मीटरचा आडवा वारा पॉइंट टू-टूला ७-८ मिलिमीटर ढकलतो आणि त्या टार्गेटवर दोन कड्यांमधले अंतर ८ मिलिमीटरच आहे. ३०० मीटरवर तोच वारा मोठ्या गोळीला ४-५ सेंटीमीटर नेतो, तिथली कडी ५ सेंटीमीटरची. हिशेब जवळपास एकच: मीटरभर वारा, एक कडी.

वारा पाहायला स्पॉटिंग स्कोप (स्टँडवरची छोटी दुर्बीण) टार्गेटवर न रोखता सुमारे दोन-तृतीयांश अंतरावर फोकस करा, मिराजच्या लाटा दिसतील. त्या डावीकडून उजवीकडे वाहत असतील तर वाराही तसाच. लाटा सरळ वर उकळू लागल्या की गोळी सोडू नका: वारा एकतर पडलेला असतो, नाहीतर समोरून किंवा पाठीमागून येत असतो आणि बऱ्याचदा दिशा बदलण्याच्या बेतात असतो. शिवाय टार्गेटची प्रतिमाही खऱ्या जागेपेक्षा वर दिसते. उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर जमीन तापली की मिराज दिवसभर चालते, म्हणून झीरो सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात तपासा आणि वारा वाचायचा सराव दुपारपूर्वी वेगळा करा. नोंदवहीत तापमान, खरा दाब, काडतुसांचा लॉट, वाऱ्याची दिशा आणि साइटची क्लिक लिहा. महिना बदलला की आधी तेच पान उघडा, आणि पाच गोळ्यांचा ग्रुप पाहूनच क्लिक फिरवा.