लेझर फ्यूजनच्या कॅप्सूलचं डिझाइन करताना या चुका टाळा

रत्नागिरीत एमएस्सीच्या मुलांकडून फ्यूजन कॅप्सूलची, म्हणजे लेझरच्या ऊर्जेनं दाबून आतल्या हायड्रोजनची अणुकेंद्रं जुळवायच्या बारीक गोळीची, सिम्युलेशन्स करून घेतो. अमेरिकेतल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत ५ डिसेंबर २०२२ रोजी २.०५ मेगाज्यूल लेझर ऊर्जा टाकून ३.१५ मेगाज्यूल मिळाली, तेव्हापासून हा प्रोजेक्ट मागणारे वाढलेत. त्याचा मनापासून आनंद आहे. पण चुका दरवर्षी त्याच, म्हणून एकदा लिहूनच ठेवतो.

सगळ्यात महागात पडते ती झोनिंगची, म्हणजे कॅप्सूलचे थर हिशेबासाठी बारीक पापुद्र्यांत (झोनमध्ये) वाटण्याची चूक. गेल्या पावसाळ्यात गुहागरकडचा एक विद्यार्थी धावतच आला, "सर, गेन ४० आला!" (गेन म्हणजे मिळालेली ऊर्जा भागिले टाकलेली.) मुलगा हुशार, कष्टाळू. दोन आठवडे रात्री जागून ड्राइव्ह पल्सचे, म्हणजे कॅप्सूल दाबणाऱ्या ऊर्जेच्या झोताचे, टप्पे मागेपुढे करत होता. म्हटलं, गेन राहू दे, आधी प्रत्येक झोनचं वस्तुमान कागदावर मांड. बाहेर धो धो पाऊस, वीज गेलेली, लॅपटॉपची बॅटरी संपत आलेली. मी आकडे वाचत होतो, तो आलेखवहीत टिंबं काढत होता. प्लास्टिकच्या थरात टिंबं सरळ रेषेत चालली आणि ड्यूटेरियम-ट्रिटियमच्या बर्फाची, म्हणजे गोठवलेल्या हायड्रोजन इंधनाची, हद्द लागताच धाडकन खाली आली. शेजारच्या दोन झोनमध्ये जवळजवळ चौदापट फरक! प्लास्टिकची घनता १.०५, बर्फाची ०.२५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. प्लास्टिकचा थर जाडही जास्त. आणि यानं दोन्ही थरांना शंभर-शंभर झोन वाटून दिलेले.

अशा पायरीवर शॉक (पल्सच्या टप्प्यानं आत जाणारी दाबाची लाट) आपटला की खऱ्या कॅप्सूलमध्ये नसलेलं परावर्तन उठतं आणि पुढच्या शॉकची वेळ चुकते. त्यानं पल्स जुळवली होती ती त्या खोट्या वेळेशी. झोन नीट करून तीच पल्स लावली, तर गेन १ च्याही खाली. मुलाचा चेहरा उतरला. मग पहिल्या शॉकपासून पुन्हा सुरुवात केली, त्यात अख्खा श्रावण गेला.

तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे: वस्तुमानाचा आलेख हातानं काढल्याशिवाय रन लावायचा नाही. शेजारच्या झोनमध्ये १० टक्क्यांहून जास्त फरक मला चालत नाही, हद्दीवर तर मुळीच नाही. मग झोन दुप्पट करून पुन्हा रन. बर्फाच्या आतल्या पृष्ठभागातून शॉक बाहेर पडण्याची वेळ हलली, तर गेनचा आकडा मी बघतही नाही.

दुसरी चूक उतावळेपणाची: कवच आत कोसळण्याचा वेग कमी पडला की ते पातळ करायचं. सेकंदाला ३५० ते ४०० किलोमीटर वेग हवा असतो, पातळ कवच तो पटकन गाठतं, आणि फक्त त्रिज्येच्या दिशेनं हिशेब करणारा एकमितीय कोड खूश होतो, कारण रॅली-टेलर अस्थिरता, म्हणजे कवचावरचे बारीक उंचवटे वाढत जाऊन ते फाटणं, त्याला दिसतच नाही. पारी फार पातळ केली की मोदक वाफेवर फुटतो, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. लिव्हरमोरच्याच लोकांकडे बघा. ८ ऑगस्ट २०२१ ला सुमारे १.३ मेगाज्यूल मिळाली, पण तोच प्रयोग पुन्हा केल्यावर निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. कवचातले बारीक दोष नडत होते. मग त्यांनी लेझरची ऊर्जा वाढवली आणि हिऱ्याचं कवच चक्क जाड केलं. प्रज्वलन, म्हणजे लेझरनं टाकली त्याहून जास्त ऊर्जा मिळणं, साधलं ते त्यानंतर. म्हणून माझ्याकडे जाडी कमी करायची परवानगी सहजासहजी मिळत नाही.

बाकीच्या थोडक्यात. मधली पोकळी पूर्ण रिकामी ठेवू नका, तिथे वाफ असते, घन सेंटिमीटरला साधारण ०.३ मिलिग्रॅम. बर्फाला आदर्श वायूचं समीकरण लावू नका, दाब-घनतेचे तयार तक्ते वापरा. फ्लक्स लिमिटर (इलेक्ट्रॉन किती उष्णता वाहून नेतील यावर कोडमध्ये घातलेली मर्यादा) हा उत्तर जुळवायचा स्क्रू नव्हे. आणि गेन सांगताना कोणत्या ऊर्जेनं भागलं ते लिहा. त्या २.०५ मेगाज्यूलसाठी लेझरनं विजेच्या तारांतून सुमारे ३०० मेगाज्यूल ओढली होती.

बर्फाचं तापमान २५ केल्विन लिहिलेली इनपुट फाइल मी आजवर तीनदा परत केली आहे. हे मिश्रण १९.८ केल्विनच्या आसपास वितळतं. त्याच्या किंचित खाली ठेवलं, तर ट्रिटियमच्याच बीटा किरणांच्या उष्णतेनं जाड जागेचा बर्फ उडून पातळ जागी बसतो आणि थर आपोआप सारखा होतो. २५ केल्विनला तिथे बर्फच नसतो.