मॅग्नेटिक कीबोर्ड तपासायची तयारी, आणि कॅलिब्रेशन विसरू नका

पुढच्या आठवड्यात दुसरा मॅग्नेटिक स्विचचा छोटा कीबोर्ड येऊन राहिला, आणि पहिल्याच्या वेळी जे झालं ते परत होऊ द्यायचं नाही म्हणून हे सगळं लिहून काढतो. गावातले दोन-तीन पोट्टेही घ्यायच्या विचारात आहेत, त्यांनाही हेच पाठवणार. पहिला जानेवारीत आला होता. त्याच रात्री जोडला, सगळ्या की ०.१ मिमीवर टाकल्या, म्हणजे की एवढीशी खाली गेली तरी दबली धरायची, आणि बसलो खेळायला. तीन महिने मस्त चालला. एप्रिल सरता सरता डब्ल्यू आपोआप दबायला लागली, कोपऱ्यात दबा धरून बसावं तर माणूस आपला चालत समोर जायचा, डी सोडली तरी सुटायची नाही. मला वाटलं पीसच खराब आहे. परत करायची मुदत कधीचीच संपली होती, म्हणून शेजारच्या गावातल्या एका पोराला खराब आहे हे सांगूनच अर्ध्या किमतीत देऊन टाकला. त्यानं घरी नेला, सॉफ्टवेअर उघडलं, कॅलिब्रेशन केलं, पाच मिनिटांत काम झालं. अजून त्याच कीबोर्डवर खेळतो तो. मी कॅलिब्रेशन एकदाही केलं नव्हतं. एकदाही नाही.

तर बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

काहून एवढं सांगून राहिलो ते समजून घ्या. साध्या मेकॅनिकल कीबोर्डात आत धातूचे दोन पत्रे एकमेकांना टेकतात, टेकले की की दबली, नाही टेकले की नाही दबली, मधलं काही नाही. मॅग्नेटिकमध्ये प्रत्येक कीच्या दांडीत एक बारीक चुंबक असतं आणि खाली बोर्डवर हॉल सेन्सर, चुंबक जवळ आलं की सेन्सरवरचं रीडिंग वाढतं आणि त्यावरून की किती खाली गेली ते कळतं. हा हॉल इफेक्ट एडविन हॉलनं १८७९ मध्ये शोधला. गावातल्या इलेक्ट्रिक स्कूटीची मूठ पिळली की वेग वाढतो ना, त्या मुठीतही बहुतेक हाच सेन्सर असतो. म्हणजे हा कीबोर्ड रीडिंगवर चालतो, आणि रीडिंगला शून्य कुठं आणि तळ कुठं हे कोणीतरी सांगावं लागतं. ते सांगणं म्हणजेच कॅलिब्रेशन. वजनकाट्याचं शून्य न पाहता कापूस मोजायला दिला असता का आपण?

आणि आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे. चुंबकाचा जोर गरमीत थोडा उतरतो आणि थंड झालं की परत येतो, नियोडिमियमचं चुंबक असेल तर दर डिग्रीला साधारण ०.१ टक्का. सेन्सरही थोडाफार हलतो. आता जानेवारीत रात्री खोलीत १२-१४ डिग्री, मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली ४४, म्हणजे ३० डिग्रीचा फरक, तीन टक्के इथंच गेले. की एकूण ४ मिमी खाली जाते, त्यातले ०.१ मिमी म्हणजे चाळिसावा हिस्सा, अडीच टक्के. रीडिंग कोणत्या बाजूला सरकेल ते सेन्सरवरही असतं, पण हिवाळ्यात ०.१ वर लावलेली की उन्हाळ्यात भलतंच वागायला एवढा फरक पुरतो. चांगल्या बोर्डाचं फर्मवेअर, म्हणजे कीबोर्डच्या आतलं सॉफ्टवेअर, हा फरक बऱ्यापैकी सांभाळून घेतं, काही बोर्ड स्वतःच कॅलिब्रेशन करतात असंही लिहिलेलं असतं, करत असतील, तरी आपल्या हातानं एकदा करायचं. कुणाचा रिव्ह्यू पाहून ठरवू नका, तो माणूस एसीच्या खोलीत बसून बोलत असतो.

आता तयारी. कीबोर्ड यायच्या आधी या गोष्टी जागेवर असू द्या. क्रोम किंवा एज, कारण बऱ्याच कंपन्यांचं सॉफ्टवेअर आता ब्राउझरमध्येच उघडतं आणि फायरफॉक्समध्ये ते कीबोर्डला ओळखत नाही, मी एकदा अर्धा तास तिथंच घालवला आहे. बॅटरी भरलेला लॅपटॉप, स्वतःचा नसेल तर एका दिवसासाठी मागून आणा, आणि हे हौस म्हणून सांगत नाही. फर्मवेअर अपडेट चालू असताना लाइन गेली आणि डेस्कटॉप बंद पडला तर कीबोर्ड कायमचा बसू शकतो. आमच्याकडे वावरातल्या मोटारी चालू झाल्या की घरातला बल्ब मंद होतो, अशा वेळी डेस्कटॉपवर अपडेट करणं म्हणजे हातानं नुकसान ओढवून घेणं. इन्व्हर्टर असला तरी लॅपटॉपच वापरा. मोबाइलमध्ये एक-दोन जीबी नेट शिल्लक ठेवा. सपाट, न हलणारं टेबल, खाटेवर नाही. मोठे स्पीकर कीबोर्डला चिकटून ठेवायचे नाहीत, त्यांच्यातही चुंबक असतं. आणि वहीचे चार-पाच साधे कागद, ते कशाला ते पुढे सांगतो.

पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. हे सगळ्यांना माहीत आहे, तरी काढा. आमच्या गावात कुरिअरवाला येत नाही, दारव्ह्याला जाऊन आणावं लागतं, आणि तिथं उभ्या उभ्या डबा फोडायचा मोह होतो, तो आवरा, घरी आणून नीट उजेडात फोडा.

उघडल्यावर लगेच गेम नाही. आधी दहा-पंधरा मिनिटं नुसता जोडून ठेवा, खोलीच्या गरमीशी जुळू द्या. मग फर्मवेअर नवीन असेल तर ते, आणि त्यानंतर कॅलिब्रेशन. हा क्रम उलटा करू नका, कारण बऱ्याच बोर्डांत फर्मवेअर टाकलं की जुनं कॅलिब्रेशन पुसलं जातं. कॅलिब्रेशन सुरू केलं की आधी दोन्ही हात बाजूला, कीबोर्डला स्पर्शही नको, तो शून्य पकडतो. मग एकेक की तळापर्यंत सरळ दाबायची, क्षणभर धरायची, सोडायची. तिरकी दाबली तर तळ चुकीचा नोंदला जातो. बऱ्याच बोर्डांवर नोंद झालेल्या कीचा दिवा रंग बदलतो, त्यामुळे कोणती राहिली ते दिसतं. स्पेस, एंटर आणि दोन्ही शिफ्ट मधोमध दाबा, लांब की असल्यामुळे कडेला दाबली की एक बाजू खाली जाते आणि चुंबक मध्येच राहतं. ६१ च्या ६१ की करा, आपल्याला गेममध्ये चालायला फक्त डब्ल्यू-ए-एस-डी लागतात म्हणून तेवढ्याच करून उठू नका. शेवटी सेव्ह. सेव्ह केलं, केबल काढली, परत लावली, आणि सेटिंग तीच आहे का ते पाहिलं, मगच झालं समजायचं.

आता ते कागद. वहीचा एक कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. तो बोटांत धरून पाहा, म्हणजे ०.१ मिमीवर की लावणं म्हणजे नेमकं काय ते कळेल, एका कागदाएवढी की हलली की गोळी सुटली. नुसतं बोट ठेवलं तरी एवढी हलते. मी हे पाहिलं असतं तर सगळ्या की ०.१ वर टाकल्याच नसत्या. नोटपॅड उघडा, ०.१ लावा, चार बोटं डब्ल्यू-ए-एस-डीवर ठेवा आणि काही न दाबता शंभर आकडे मोजा. स्क्रीनवर एकही अक्षर उमटलं तर ०.२ करा, परत मोजा, मग ०.३, असं जिथं शांत होईल तिथं थांबा. माझ्या बोटांना ०.४ लागला, भावाला ०.६, त्याचा हात जड आहे. लिहिताना सगळ्या की १.५ मिमीच्या आसपास ठेवा नाहीतर एका शब्दात तीन जास्तीची अक्षरं येतात. आणि हा पूर्ण प्रयोग सकाळी एकदा आणि दुपारी दोन-अडीचला कूलर बंद करून एकदा, असा दोनदा करायचा. दुपारचा प्रयोग कोणी करत नाही. तोच करा. सकाळी शांत असलेला कीबोर्ड दुपारी अक्षरं सांडत असेल तर तिथल्या तिथं कॅलिब्रेशन करून परत पाहा, तरीही सांडत असेल तर पीस किंवा फर्मवेअर दोघांपैकी एक कच्चं आहे, परत पाठवा. हिवाळ्यात आला असेल तर खोली गरम कशी करणार हा प्रश्न येतो, निदान पहाट आणि दुपार एवढा तरी फरक घ्या, आणि मार्चमध्ये मोबाइलला आठवण लावून ठेवा, कॅलिब्रेशन. जूनमध्ये पाऊस लागल्यावर परत. दिवाळीनंतर परत.

रॅपिड ट्रिगर, ज्याच्यासाठी आपण हा कीबोर्ड घेतो. साध्या कीबोर्डात की एका ठरलेल्या जागेच्या वर यावी लागते तेव्हा ती सुटली असं धरतात. इथं बोट वर जायला लागलं की लगेच सुटते, कुठंही असली तरी, आणि परत खाली गेली की परत दबते. हे वूटिंग नावाच्या डच कंपनीनं गाजवलं, आता स्वस्तातल्या बोर्डांतही आलं. काउंटर-स्ट्राइक २ किंवा व्हॅलोरंट या गोळीबाराच्या गेममध्ये चालता चालता गोळी मारली की ती इकडेतिकडे जाते, थांबून मारावी लागते, आणि थांबणं जितकं लवकर तितकी पहिली गोळी सरळ, म्हणून याचा खरा फायदा तिथं आहे. तपासायला ट्रेनिंग रेंजमध्ये जा, ए आणि डी आळीपाळीनं दाबत एका भिंतीवर एकेक गोळी मारा, रॅपिड ट्रिगर बंद करून तीस, चालू करून तीस, भिंतीवरचे डाग पाहा. फरक दिसला पाहिजे. नाही दिसला तर सेटिंग चुकलेली आहे किंवा, हो, कॅलिब्रेशन राहिलं आहे. तळाशी की पूर्ण दाबून धरा आणि पाहा मध्येच सुटते का, चालता चालता माणूस अडखळत असेल तर तळाची नोंद नीट झालेली नाही. जो फक्त मोबाइलवर बीजीएमआय खेळतो त्यानं हे पैसे वाचवावे, त्याला याचा काहीच उपयोग नाही, आणि कार रेसिंग किंवा गावकडच्या लॅन पार्टीतल्या जुन्या गेमसाठीही साधा कीबोर्ड पुरतो.

एक धोका. ए आणि डी दोन्ही दाबल्या असताना शेवटची दाबलेलीच धरायची अशी एक सोय बऱ्याच बोर्डांत असते, रेझर कंपनीनं २०२४ च्या जुलैमध्ये ती स्नॅप टॅप नावानं आणली. पुढच्याच महिन्यात गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनं काउंटर-स्ट्राइक २ च्या अधिकृत सर्व्हरवर ती बंद केली, चालू ठेवून खेळलं की मॅचमधून बाहेर काढतात. बोर्ड आल्याबरोबर ही सोय बंद आहे का ते पाहा, काही बोर्डांत ती फंक्शन (एफएन) कीसोबत दुसरी की चुकून दबली तरी चालू होते. स्पर्धेत भाग घ्यायचा असेल तर नियम आधी वाचा.

८००० हर्ट्झला भुलू नका. १००० हर्ट्झ म्हणजे कीबोर्डकडून कॉम्प्युटरला दर मिलिसेकंदाला एक खबर, ८००० म्हणजे ०.१२५ मिलिसेकंदाला. आपल्या ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर पुढचं चित्रच १६.७ मिलिसेकंदांनी येतं. जुना प्रोसेसर असेल तर ८००० वर उलट गेमच अडखळतो. १००० ठेवा.

छोटा म्हणजे किती छोटा ते पैसे द्यायच्या आधी ठरवा. मोठ्या कीबोर्डच्या मानानं ६० टक्केवाल्यात ६१ की, बाण नाहीत, एफ-१ ते एफ-१२ नाहीत, नंबरपॅड नाही, आणि एकच्या डावीकडची की एस्केपनं घेतलेली असते, त्यामुळे काउंटर-स्ट्राइकचं कन्सोल, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, उघडायलाही फंक्शन दाबावं लागतं. ६५ टक्केवाल्यात बाण येतात, ७५ मध्ये वरची रांगही. माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, पीक विम्याच्या दिवसांत रोज पन्नास-साठ आधार नंबर टाकतो, बारा बारा आकडे, ते वरच्या रांगेतून टाकून पाहिले आणि दुसऱ्याच दिवशी दुकानाला जुना मोठा कीबोर्ड परत लावला. हा फक्त घरी. मराठी इनस्क्रिप्टमध्ये टाइप करत असाल तर ॉ उलट्या तिरक्या रेघेच्या कीवर असतो, ती की जागेवर आहे का आणि नीट दबते का ते पाहा, डॉक्टर लिहिताना दर वेळी फंक्शन दाबावं लागलं तर जीव जाईल.

बाकी झटपट. स्पेसबार खडखडतो का ऐका. कीवरची टोपी पीबीटी प्लॅस्टिकची बरी, एबीएस प्लॅस्टिकची घामानं लवकर चकचकीत होते. केबल सुटी होणारी आणि सी टाइपची. स्विच बदलता येतो असं लिहिलं असलं तरी साधा मेकॅनिकल स्विच सहसा यात चालत नाही, आणि मॅग्नेटिकमध्येही चुंबकाची दिशा जुळावी लागते, म्हणून यादी पाहूनच घ्या, आणि एकही स्विच बदलला की कॅलिब्रेशन. सोयाबीन काढणीच्या दिवसांत वरून कापड टाकून ठेवा, शेजारी वेल्डिंगचं दुकान असेल तर नेहमीच, लोखंडाचा कीस चुंबकाला चिकटतो. डबा, बिल, व्हिडिओ मुदत संपेपर्यंत जपून. मुदतीची शेवटची तारीख कॅलेंडरवर लाल पेननं, आणि तिच्या दोन दिवस आधी दुपारी अडीचला, कूलर बंद, शंभर आकडे, परत एकदा.