युद्धवधूला बोटीत बसवण्याआधी

स्पर्धांचा मोसम आला की कुणाला तरी दुसरं महायुद्ध सुचतं, आणि महायुद्ध सुचलं की पाठोपाठ बोटीवरची बायको सुचते. विषय दमदार आहे, वाद नाही. परदेशी सैनिक इंग्लंडमध्ये येऊन राहिले, लग्नं लागली, युद्ध संपल्यावर नवरे आपापल्या देशी गेले आणि बायका मागून समुद्रमार्गे निघाल्या. ब्रिटनमधून अमेरिकेला सुमारे ७०,००० गेल्या. युरोपातून कॅनडाला गेल्या त्या सुमारे ४८,०००, शिवाय त्यांची २२,०००च्या आसपास मुलं. एकांकिका लिहा, दीर्घकथा लिहा, पण पहिल्या वाचनाला नटमंडळी बोलवण्याआधी एवढं तपासून घ्या.

सर्वांत आधी नवऱ्याचा कागद. आमच्या मागच्या संहितेत नायिका साउदॅम्प्टन बंदराच्या खिडकीवर उभी राहून तिकीट काढायची, आणि पुढचं सगळं नाटक त्या तिकिटावर तोललेलं होतं. असं तिकीट नव्हतंच हो! १९४५-४६ मध्ये अटलांटिक ओलांडणाऱ्या बोटी सैनिकांना घरी नेण्यात गुंतल्या होत्या. पैसे टाकून जागा मिळवणं जवळपास अशक्य. बायकांना नेलं ते लष्कराने, सरकारी खर्चाने, आणि त्यासाठी अर्ज करायचा तो नवऱ्याने. ही माझी बायको, हिला पोसायची माझी ऐपत आहे, हे त्याने लिहून द्यायचं. तो आळशी निघाला, त्याची आई आडवी आली, त्याचं मन फिरलं, तर ही इकडे बसून. तिच्या हातात काय, तर टपालाची वाट बघणं. तेव्हा पहिला प्रवेश लिहिण्याआधी स्वतःला विचारा: अर्ज कुठे अडकलाय? उत्तर नसेल तर लिहू नका.

याच अडकण्यावर बायका चिडून रस्त्यावर आल्या होत्या. १९४५ च्या ऑक्टोबरात लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये त्यांची दणदणीत सभा झाली. कडेवर पोरं, हातात फलक, आम्हाला आमचे नवरे हवेत म्हणून. नाट्य हवंय ना? ते इथे आहे. डेकवरच्या चांदण्यात नाही.

देश आणि तारीख एकदा पक्की करा, कारण नियम त्यावर हलतात. अमेरिकेचा युद्धवधू कायदा २८ डिसेंबर १९४५ चा. तो तीन वर्षांपुरता होता. त्याने परदेशी बायकांना स्थलांतरितांच्या ठरलेल्या कोट्याबाहेर प्रवेश मिळाला. लग्न व्हायचं असलेल्या मुलींसाठी वेगळा कायदा, जून १९४६ चा. दोन्हींची खिचडी करू नका. कॅनडाचं काम १९४४ पासूनच लंडनमधल्या कॅनेडियन वाइव्ज ब्युरोकडे होतं, आणि तिथेही नवऱ्याकडे बायकोच्या राहण्याची सोय आहे का ही चौकशी आधी, बोट नंतर. म्हणजे पुन्हा नवऱ्याचा कागद. कंटाळा आला ना वाचून? येऊ दे.

वधू कोणती हेही बघा. काळ्या अमेरिकन सैनिकाला ब्रिटनमध्ये लग्न करायचं तर वरिष्ठांची परवानगी लागे आणि ती सहसा नाकारली जाई. त्याच्या मायदेशी कित्येक राज्यांत गोऱ्या मुलीशी असं लग्नच बेकायदा होतं. अमेरिकन सैनिकांवरची जर्मन मुलींशी लग्नाची बंदी उठली डिसेंबर १९४६ मध्ये. जपानी बायकांना आणखी थांबावं लागलं. आणि आपल्याकडे हमखास होणारा मोह: नायिका मुंबईची, बॅलार्ड पिअर, हार, रुमाल. भारतीय वंशाच्या माणसाला अमेरिकेत स्थायिक व्हायला १९१७ च्या कायद्याने मज्जाव होता. नवरा अमेरिकन नागरिक आहे एवढ्याने तो सुटत नव्हता. दार किलकिलं झालं २ जुलै १९४६ च्या कायद्याने, तेही वर्षाला १०० जणांच्या कोट्यापुरतं. तेव्हा त्या वर्षीच्या फेब्रुवारीत मराठी मुलगी न्यूयॉर्कला उतरवलीत तर परीक्षक सोडतील, मी नाही सोडणार.

कपडेपट थोडक्यात. इंग्लंडात कपड्यांवर १९४१ ते १९४९ रेशन होतं. लग्नाचा झगासुद्धा पुष्कळदा उसना. सहा प्रवेशांना सहा फ्रॉक असा हट्ट वेशभूषाकाराने धरला तर त्याला रेशनकार्ड दाखवा.

आता छावणी. ही सगळे गाळतात, कारण कुणाला माहीतच नसते. घरातून निघून बाई सरळ बोटीवर चढत नसे. अमेरिकेला जाणाऱ्या कित्येकींना आधी सॅलिसबरीजवळच्या टिडवर्थला, लष्करी बराकींत, नेऊन ठेवत. तिथे कागदांची तपासणी, बोटांचे ठसे, लस टोचणं, सामानावर चिठ्ठ्या. जेवणघरात कामाला जर्मन युद्धकैदी. कालपर्यंत ज्यांच्या विमानांना घाबरून तळघरात बसायचो, त्यांच्याच हातचं ताट. या एका गोष्टीवर अख्खा प्रवेश उभा राहतो आणि तो मी अजून कुठे पाहिलेला नाही. वैद्यकीय तपासणी मात्र जपून लिहा. उघडं उभं करून डॉक्टरने टॉर्च मारून तपासल्याचं अनेकींनी पुढे सांगितलं आहे. तो अपमान त्या आयुष्यभर विसरल्या नाहीत. त्यावर विनोद नको. गरोदरपण पुढे गेलेलीला बोटीवर घेत नसत, त्यामुळे नायिकेला सातवा लावून चढवू नका. आणि छावणीत कागद तपासतात तेव्हा कोणाचा कागद तपासतात? बरोबर. पासपोर्ट, जन्मदाखला, लग्नाचा दाखला तिचे तिच्यापाशी असतील, पण पोसण्याची हमी देणारं शपथपत्र नवऱ्याचं.

बोट निवडा, नुसतं ‘जहाज’ म्हणून भागत नाही. वधूंची पहिली मोठी अमेरिकन फेरी ‘अर्जेंटिना’ची: साउदॅम्प्टनहून २६ जानेवारी १९४६ ला निघाली, न्यूयॉर्कला ४ फेब्रुवारीला लागली. चारशे पन्नासच्या वर वधू, दीडशेहून जास्त मुलं, आणि एक नवरदेवसुद्धा! ‘क्वीन मेरी’ तेच अंतर पाचेक दिवसांत कापायची. तुमच्या नाटकात चार रात्री लागत असतील तर ‘क्वीन मेरी’ घ्या, आठ लागत असतील तर ‘अर्जेंटिना’. ऑस्ट्रेलियाच्या मुलींना इंग्लंडात न्यायला १९४६ मध्ये ‘व्हिक्टोरियस’ ही विमानवाहू युद्धनौका वापरली, ती सिडनीहून ३ जुलैला निघाली आणि महिन्याहून अधिक काळ पाण्यात होती. नेपथ्यकार हौशी असेल तर ही सोन्याची खाण.

झुंबरं, नाचघर वगैरे विसरा. ‘क्वीन मेरी’ने १९४३ च्या एका फेरीत १६,६८३ माणसं नेली होती, ती या बोटींची सवय. वधूंसाठी थोडी डागडुजी झाली, पाळणाघर आलं, तरी एका केबिनमध्ये अनोळखी बायका, एकावर एक बर्थ, आणि जिथे जागा मिळेल तिथे वाळत घातलेली लंगोटं. महिना जानेवारीचा, समुद्र अटलांटिक. बोट सगळ्यांना लागणार. कडेवर पोर असलेल्या बाईला बोट लागली तर पोराचं कोण बघतं, हा प्रश्न सोडवलात तर दोन पात्रांची मैत्री आपोआप जमते, संवाद लिहायला नको.

खाणं. ब्रिटनमध्ये १९४२ पासून पांढरा पाव नव्हता, करडट रंगाचा सरकारी पाव होता. संत्री मिळाली तर पोरांना. अशा बाईसमोर बोटीवर पांढराशुभ्र पाव, लोणी, मटण आलं की ती आधी रडते, मग हादडते, मग सगळं समुद्राला अर्पण करते. हा क्रम नटीला समजावून सांगा.

मुलांच्या दुधाच्या बाटल्या. इथे हसू थांबतं. १९४६ मध्ये फ्रान्समधल्या ल हाव्र बंदरातून न्यूयॉर्कला गेलेल्या ‘झेब्युलॉन बी. व्हान्स’ या बोटीवरच्या आजारात काही तान्ही मुलं दगावली. गर्दी, आतड्याचा संसर्ग, बाटल्या उकळायची धड सोय नाही. त्यामुळे बाटली हे प्रॉपर्टीच्या यादीतलं किरकोळ सामान समजू नका.

बोटीवर तार येऊ शकते. ‘व्हिक्टोरियस’वर काही मुलींना नवऱ्यांचा निरोप वाटेतच आला: येऊ नकोस. समजलं का मी मघापासून काय बडबडतोय ते? कागद देणारा माणूस तो कागद परतही घेऊ शकतो, समुद्राच्या मध्यावरसुद्धा. रेडिओ ऑफिसचा दरवाजा नेपथ्यात ठेवा. उघडो न उघडो, प्रेक्षकाची नजर तिथे राहिली पाहिजे.

उतरणं भराभर सांगतो. अमेरिकेत न्यूयॉर्कचा धक्का. कॅनडात हॅलिफॅक्सचा पिअर २१, तिथून खास रेल्वेगाड्या, बरोबर रेडक्रॉसच्या बायका, आणि पुढे दिवसेंदिवस नुसतं बर्फ. कुणाचं स्टेशन म्हणजे एक पाटी आणि एक शेड. न्यायला माणूस आलाय याची खात्री झाल्याशिवाय बाईला सोडायचं नाही अशी पद्धत, म्हणजे इथेही सगळं नवऱ्यावरच. नवरा साध्या कपड्यांत दाखवा. तिने त्याला आजवर गणवेशातच पाहिलेला असतो, पटकन ओळखता येत नाही.

सासू, विहिरीचं पाणी, घराबाहेरचा संडास हे तुम्ही लिहालच. उच्चार: ‘टिडवर्थ’, ‘हॅलिफॅक्स’, तालमीत एकदा सगळ्यांकडून म्हणवून घ्या. पोराच्या जागी बाहुली चालते, फक्त रडण्याचं रेकॉर्डिंग आधी करून ठेवा, प्रयोगाच्या दिवशी कुणाच्या मोबाइलवर शोधत बसू नका.