वर्षावनाचे अन्नजाळे कागदावर कसे मांडावे

अन्नजाळे, म्हणजे कोण काय खातो हे बाणांनी दाखवणारे चित्र, काढायला बसले की बहुतेकांचा हात आधी जग्वारकडे वळतो. तो मोह आवरा आणि आधी जंगल ठरवा. नुसते ‘वर्षावन’ म्हटले की एकाच कागदावर वाघ, गोरिला आणि जग्वार गोळा होतात, आणि असे जंगल पृथ्वीवर कुठेच नाही. आपण ॲमेझॉन घेऊ. मोठा कागद, पेन्सिल आणि खोडरबर जवळ ठेवा. खोडरबर लागणारच.

कागदाचे आडवे तीन थर करा: वर झाडांचे शेंडे, मध्ये झाडोरा, खाली जमीन. घनदाट भागात जमिनीपर्यंत जेमतेम १ ते २ टक्के ऊन पोहोचते. म्हणून पाने-फळांची बरीचशी चंगळ वरच असते, आणि खाणारेही तिथेच.

आता वनस्पती मांडा. उंबराच्या कुळातल्या झाडांना भरपूर जागा सोडा. ही झाडे एकाच वेळी फळत नाहीत. इतर फळांचा दुष्काळ असतो तेव्हाही कुठेतरी एखादे लगडलेले सापडते. माकडे, मोठ्या चोचीचे टूकन पक्षी, वटवाघळे अशा सगळ्यांचे बाण तिथूनच निघतील.

बाणाचे टोक मात्र खाणाऱ्याकडे हवे. पानाकडून स्लॉथ या झाडावर राहणाऱ्या संथ प्राण्याकडे, स्लॉथकडून हार्पी गरुडाकडे. शिकारी भक्ष्यावर झेपावतो म्हणून बाणही तसाच काढण्याची चूक हमखास होते. बाण झेप दाखवत नाही, अन्न कुठे गेले ते दाखवतो.

यापुढे प्रत्येक प्राण्याबाबत विचारा: हा नेमके काय खातो? इथेच खरी गंमत आहे. पानकापी मुंग्या पानांचे तुकडे वारुळात नेतात, पण ते अळ्यांना भरवत नाहीत. त्यांच्यावर बुरशी पिकवतात आणि अळ्या त्या बुरशीवर वाढतात. म्हणजे पान, मग बुरशी, मग मुंगी. लष्करी मुंग्यांच्या फौजेमागे काही पक्षी फिरतात. ते खातात मुंग्यांपुढे पळणारे किडे, मुंग्या नव्हेत. तिथे किड्याकडून पक्ष्याकडे बाण आणि मुंगी-पक्ष्यामध्ये तुटक रेघ, म्हणजे खाण्याचे नसलेले नाते. अगूटी हा कुरतडणारा प्राणी ब्राझील नटचे टणक फळ फोडतो, काही बिया खातो, काही पुरतो. विसरलेल्या बियांतून रोप उगवते, म्हणून अगूटीकडून झाडाकडेही एक तुटक रेघ परत जाते. पुराचे पाणी जंगलात शिरले की तांबाकी मासा पाण्यात पडलेली फळे-बिया खातो. त्यालाही जागा द्या.

आता तळाला वाळवी, बुरशी आणि जिवाणू काढा. झाडावरची बहुतेक पाने कोणी न खाताच गळतात, त्यामुळे कागदावरचा सर्वांत जाड बाण पालापाचोळ्याकडून यांच्याकडे जायला हवा. छापील चित्रांत तो बहुधा कोपऱ्यात बारीकसा असतो, किंवा नसतोच.

जाळे पुरे झाले की खोडरबर उचला. व्हेनेझुएलात गुरी धरणाचे पाणी १९८६ मध्ये पूर्ण चढले आणि टेकड्यांची बेटे झाली. लहान बेटांवर मोठे शिकारी उरले नाहीत. तिथे हाउलर माकडे आणि पानकापी मुंग्या बेसुमार वाढल्या आणि झाडांची कोवळी रोपे घटली, असे पर्यावरणशास्त्रज्ञ जॉन टरबोर्ग आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडले. आता तुमच्या कागदावरचे शिकारी खोडा आणि पाहा, कोणकोणते बाण जाड करावे लागतात.