तालुक्याच्या गावात शाळा काढताय? मग आधी पगाराचं बघा

पुण्यात बसून शिरूर, दौंड, इंदापूर, मंचर असल्या ठिकाणी इंग्लिश मीडियम काढायचा बेत करणारे बरेच जण भेटतात आणि जवळजवळ सगळ्यांच्या वहीत पहिलं पान बिल्डिंगचं असतं. खोल्या किती, ग्राउंड केवढं, गेटवर नाव कुठल्या रंगात. अहो बिल्डिंग एकदाच खाते, पगार दर महिन्याला खातो. पोरं वर्षाला एकेक वर्ग करत वाढतात आणि मॅडम लोकांचा पगार पहिल्या दिवसापासून फुल सुरू, ह्या मधल्या ३-४ वर्षांत कॅश संपते आणि शाळा बसते.

एक कच्चा हिशोब मांडू, आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदला. नर्सरी ते सिनियर केजी मिळून ६० पोरं, फी २० हजार, म्हणजे कागदावर १२ लाख. त्यात दुसऱ्या भावंडाची सवलत, सरपंचांच्या शब्दाखातर घेतलेली दोन-चार, मधेच शाळा सोडून गेलेली, असं करत १५ टक्के तरी कमीच धरा, हातात आले १० लाख २० हजार. आता खर्च. चार टीचर १२ हजारांनी, हेडमास्तरीण १८, दोन मावशी ९-९ आणि क्लार्क १०, झाले महिन्याला ९४ हजार, वर्षाचे ११ लाख २८ हजार. भाडं ३० हजार म्हणजे ३ लाख ६० हजार. लाईट, पाणी, छपाई, गॅदरिंग दीड लाख. एकूण १६ लाख ३८ हजार. खड्डा ६ लाखाच्या वर, आणि ह्यात बस धरलेलीच नाही. दुसऱ्या वर्षी पहिलीचा वर्ग वाढला की पोरं वाढतात पण टीचरही वाढते, त्यामुळे खड्डा लगेच बुजत नाही. म्हणून निदान ३ वर्षांचा तोटा आधीच बाजूला काढून वेगळ्या खात्यात ठेवायचा, आणि उरलेल्या पैशात जेवढी बिल्डिंग बसेल तेवढीच.

दुसरी गोष्ट, पुण्यातलं फीचं टाइमटेबल तिकडे चालत नाही. पुण्यात आयटीवाला १ तारखेला ऑनलाइन भरून मोकळा होतो. इंदापूर-दौंडकडे पैसा उसाचा, कारखान्याचं गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होणार, मग बिल, त्यामुळे जूनमध्ये अर्धी फी मागितली की पालक 'बघू सर' म्हणतो आणि तो खोटं बोलत नसतो, त्याच्याकडे खरंच नसते. मंचर-नारायणगाव पट्ट्यात कांदा-टोमॅटोच्या भावावर सगळं. दुधावर घर चालतं त्यांना १० दिवसाला पैसे येतात, त्यांना महिन्याचा छोटा हप्ता बरा पडतो. तर जूनमध्ये थोडी, मोठा हप्ता डिसेंबर-जानेवारीत, असं पालक बघून ठरवा आणि जून ते नोव्हेंबरचे पगार कुठून देणार ते आधी लिहून काढा. थकबाकीसाठी दाखला अडवायचा प्रकार करू नका, आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायद्याने दाखला लगेच द्यायचा असतो, आणि गावात नाव जातं ते वेगळंच.

त्याच कायद्याने २५ टक्के जागा गरीब आणि वंचित घरातल्या पोरांसाठी राखीव, त्यांची फी सरकार परत देतं. राज्याचा दर वर्षाला एका पोरामागे १७,६७० आहे, तुमची फी त्याहून कमी असेल तर तेवढीच. पण हे पैसे वर्षानुवर्षं थकतात हे कुठल्याही संस्थाचालकाला विचारा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारी शाळेपासून १ किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना ह्यातून सूट देणारी अधिसूचना निघाली होती, ती जुलैमध्ये मुंबई हायकोर्टाने रद्द केली, तेव्हा सूट मिळेल ह्या भरवशावर बसू नका. बजेटमध्ये ती रक्कम शून्य धरा, आली तर दिवाळी.

फी ठरवताना हमखास होणारा घोटाळा म्हणजे ॲडमिशन खेचायला सुरुवातीला फी अगदी कमी ठेवायची आणि नंतर वाढवू म्हणायचं. नंतर वाढत नाही हो. २०११ च्या फी कायद्याने पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती सोडतीने निवडायची, फी तिच्यापुढे न्यायची आणि एकदा ठरली की २ वर्षं तीच. त्यापेक्षा खरी फी छापा आणि पहिल्या बॅचला लेखी सवलत द्या, किती वर्षं ते लिहून.

कर्जाचं तर लोकांच्या लक्षातच येत नाही. शाळा ट्रस्टच्या नावावर असेल तर ट्रस्टच्या नावाने कर्ज काढायला धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, जमीन गहाण टाकायची तर तीही. ह्याला वेळ जातो, तोपर्यंत कॉन्ट्रॅक्टर थांबत नाही, मग संचालक स्वतःच्या नावावर सोनं ठेवून पैसे उचलतात आणि पुढे ट्रस्टच्या ऑडिटमध्ये तो गुंता सुटता सुटत नाही. सीए पहिल्याच महिन्यात गाठा. जीएसटीचंही त्यालाच विचारा, शाळेच्या फीवर जीएसटी नाही पण सिमेंट, बेंच, कॉम्प्युटरवर तुम्ही भरलेला परत मिळत नाही, म्हणजे कोटेशन नेहमी टॅक्ससकट बघायचं. मान्यतेआधी वर्ग सुरू करायची घाईही नको, १ लाखापर्यंत दंड आहे आणि त्यानंतरही चालू ठेवलंत तर दिवसाला १० हजार.

स्टाफ २० झाला की पीएफ, मालकाच्या बाजूचा सगळं धरून जवळपास १३ टक्के. ग्रॅच्युइटी टीचरनाही लागू आहे, दरवर्षी थोडी बाजूला टाकत गेलात तर जड जात नाही.

बस शक्यतो विकत घेऊ नका, निदान पहिली २ वर्षं. गावातल्याच गाडीवाल्याशी करार करा, मात्र गाडी स्कूल बसच्या नियमात बसणारी हवी, परमिट, इन्शुरन्स, सोबत बाई मदतनीस, हे स्वतः तपासा. अर्धी रिकामी बस तीन वाड्यांवर फिरवली की डिझेलच फी खातं.

बाकी बेंच, कपाटं जुनी चालतात, बंद पडलेल्या क्लासची कमी भावात मिळतात. पुस्तकं-वह्या पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातून ठोकमध्ये उचला, पण उधारीचे दिवस ऑर्डर देण्याआधीच बोलून घ्या.