तयार डेस्कटॉप की असेंबल्ड? आधी एसएमपीएस बघा

बिलं, टायपिंग, टॅली एवढंच काम असेल तर तयार डेस्कटॉप घ्या. विंडोजचं लायसन्स बहुधा सोबत येतं आणि बिघाड झाला तर एकाच कंपनीला फोन करायचा. असेंबल्डमध्ये, म्हणजे सुटे पार्ट घेऊन जोडलेल्या मशीनमध्ये, प्रत्येक पार्टची वॉरंटी वेगळी, म्हणून बिलावर प्रत्येकाचा सिरियल नंबर लिहून घ्याच.

पुढे गेम किंवा व्हिडिओसाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड टाकायचं असेल तर मात्र तयार मशीनचं झाकण उघडून बघा. अनेक ब्रँडेड छोट्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस (सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा) २०० ते ३०० वॅटचा असतो, ग्राफिक्स कार्डाला लागणारी ६ किंवा ८ पिनची वायर नसते, आणि मदरबोर्डला (सगळे पार्ट जोडले जातात त्या मुख्य बोर्डाला) वीज देणारा कनेक्टरही नेहमीचा २४ पिनचा नसतो. म्हणजे बाजारातला साधा एसएमपीएस बसतच नाही. रॅमही बघा: १६ जीबीची एकच पट्टी असेल तर सिंगल चॅनल, म्हणजे डेटाला ये-जा करायला एकच वाट. प्रोसेसरच्याच ग्राफिक्सवर चालणाऱ्या मशीनला ८-८ च्या दोन पट्ट्या स्पष्ट फरक दाखवतात.

असेंबल करताना पैसे बहुधा एसएमपीएसवर वाचवले जातात, आणि तिथेच घात होतो. कॅबिनेटसोबत 'फुकट' आलेला ४५० वॅटचा डबा नको. ८० प्लस ब्राँझ (कमी वीज वाया घालवण्याचं प्रमाणपत्र) असलेला घ्या. इंटेल प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं; कार्डाशिवाय स्क्रीन काळीच राहील. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात कोटेशन घेताना नुसतं '१६ जीबी, ५१२ एसएसडी' चालवून घेऊ नका, प्रत्येक पार्टचं पूर्ण मॉडेल लिहायला लावा.